काउंटरवर आलेलं स्थळ

आमच्या सात पिढ्यांत एका जागी उभं राहून पोट भरणारी मी पहिली. माझ्याआधीचे सगळे चालत राहिले. पणजोबांबद्दल असं सांगतात, की मेंढरांमागं फिरून फिरून त्यांचे तळपाय इतके निबर झाले होते की पायात बाभळीचा काटा मोडला तर कळवळायचा तो काटा. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण मी सांगते म्हणजे तसंच असणार. आबा, म्हणजे माझे वडील, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन भीमेच्या अंगाला उतरायचे आणि रोहिण्या लागता लागता माघारी यायचे. तोवर वस्तीवर माय, मी आणि एक बहिरं कुत्रं. वस्ती नळदुर्गापासून आत, उघड्या माळावर. वाऱ्याला अडवायला तिथं दोनच गोष्टी होत्या, एक बोरीचं झाड आणि दुसरी आमची माय. मायचा आवाज लागला की वारा सुद्धा वळसा घालून जायचा.

दोन शेतं ओलांडली की हायवे. एका हाताला सोलापूर आणि पुढं पुणे, दुसऱ्या हाताला हैदराबाद. मी लहानपणी अंगाई ऐकली नाही, ट्रकचे गिअर ऐकले. चढाला गाडी लागली की तिचं रडगाणं माळावर यायचं, आणि हॉर्नवरून मी सांगायची की गाडी आंध्राची का हरियाणाची, माल भरलेला का रिकामा, आणि ड्रायव्हरचं जेवण झालंय का नाही. मैत्रिणी म्हणायच्या थापा मारते. मारत असेन. पण त्या आवाजानं माझ्या पायांना काहीतरी करून ठेवलं होतं हे खरं. भाकरी थापताना मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहायची. माय म्हणायची, "तव्यावर तू हायस का भाकर?"

त्या हायवेच्या कडेला, एका ढाब्याच्या आणि पेट्रोलपंपाच्या मधे, ती काचेची इमारत उभी राहिली. कॉफी आणि डोनट विकणारी मोठी कंपनी, शहराशहरांत दुकानं असलेली. तिचं नाव मी लिहीत नाही, कारण आमच्या अख्ख्या वस्तीत ते कुणाला धड म्हणताच आलं नाही. लोकांनी आपलं सोयीचं नाव ठेवलं, भोकाचं हाटेल. कुणी म्हणायचं उडीदवड्याला साखरेत बुडवतात, कुणी म्हणायचं बालुशाहीच आहे, पण उपाशी. मी बारावी पास झाले तेव्हा आबा म्हणाले, चला, त्या काचंच्या डब्यात बसून येऊ. आबांनी धुतलेला पटका बांधला, मायनं ठेवणीतलं लुगडं काढलं, आणि आम्ही तिघं शेताच्या बांधावरून असे निघालो जसं काही जत्रेत मानाची काठी आमचीच.

आत गेलो आणि माय थबकली. म्हणाली, "बया, हितं तर माघ लागलाय." एसीचा गारवा असा होता की आबांनी खांद्यावरचं घोंगडं काढून मायच्या अंगावर टाकलं. काचेच्या कपाटात ती डोनटची चक्रं रांगेनं मांडलेली, कुणावर चॉकलेट, कुणावर रंगीत खडीसाखरेची चुरी. आम्ही एकच घेतलं, कारण केवढं असतं, पोट किती भरतं, याचा अंदाज यायचा होता. मायनं ते हातात फिरवून बघितलं आणि काउंटरवरच्या मुलाला विचारलं की मधलं आधीच कुणी खाल्लं. मग तिनं त्याचे तीन तुकडे केले. माझा तुकडा मी जिभेवर ठेवला आणि खरं सांगते, माझे कान हलले. इतकं मऊ काही मी आयुष्यात खाल्लं नव्हतं. ज्वारीची भाकरी तुमच्याशी भांडते, हे आपलं तोंडात गेलं आणि शरण आलं. मला वाटलं, रोज जे हे खात असतील त्यांच्या अंगाला हाडं तरी असतील का?

पण माय ती माय. एवढ्या गारठ्यात गोडानं काय होतंय म्हणून तिनं पदराखालची फडकी सोडली. भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा आणि कांदा. खर्ड्याचा वास सुटताच दुकानातली निम्मी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली, त्यातल्या निम्म्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं. तो काउंटरवरचा मुलगा आला आणि मान खाली घालून म्हणाला की बाहेरचं इथं खायचं नाही, नियम आहे. मायनं फडकी बांधली. आबांनी पटका सारखा केला. आम्ही उठलो. मला त्या मुलाचा इतका राग आला की परतताना सबंध वाटेनं मी त्याच्या सात पिढ्यांना मेंढरांसारखं हाकलं. आणि तरी जिभेवर ती साखर होतीच. तिथंच परत जायचं, रोज जायचं, हे मी बांध ओलांडायच्या आत ठरवलं होतं.

पुढच्याच महिन्यात तिथं माणसं घ्यायची पाटी लागली. दुकानाचे मॅनेजर माने सर, सोलापूरचे, तरणेच पण काळजीनं वाकलेले. गिऱ्हाइकाचं नाव कपावर लिहायचं आणि कॉफी तयार झाली की त्या नावानं हाक मारायची, अशी कंपनीची पद्धत. सर म्हणाले, पार्किंगमधल्या माणसाला ऐकू जाईल अशी हाक मारून दाखव. मी गालाला हात लावला आणि आबा मेंढरांना घालतात तशी हाळी घातली. तीन ट्रक जागच्या जागी थांबले, हैदराबादच्या एस.टी.तली माणसं स्टॉप आला म्हणून खाली उतरली, आणि दोन शेतांपलीकडं आमच्या कळपानं माना वर केल्या. मला तिथल्या तिथं टोपी मिळाली. नाव माझं कोमल. सर बिल्ल्यावर ते लिहिताना क्षणभर थांबले होते, एवढं मी बघितलं.

आता खाणं आणि खाऊ घालणं यात किती कोसांचं अंतर असतं ते तेव्हा कळायला लागलं. काउंटर असेल हातभर रुंद, पण त्याच्या अलीकडून पलीकडं जायला मला जेवढं लागलं तेवढ्यात माणूस भीमेपर्यंत जाऊन येतो. खाताना वाटलं होतं, मागं कुठंतरी मोठ्या कढईत ही चक्रं तळत असतील, साखरेचा पाऊस पडत असेल. मागं होती एक बर्फाची पेटी. चक्रं पुण्याहून गारठलेल्या गाडीतून यायची, खोक्यात, आमच्या वस्तीवर अंथरुणं रचावी तशी थरावर थर. आम्ही त्यांना ऊब द्यायची, चॉकलेटात तोंड बुडवायचं आणि मांडायची. सकाळी सहाला पाळी लागायची, दोनला सुटायची, आणि तोवर बसायचं नाही. खुर्च्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या. डोक्याला जाळी, जाळीवर टोपी, ती काढायची नाही. काउंटरवर असताना खायचं नाही. गिऱ्हाइकाचं नाव नुसतं घ्यायचं, त्याला राव, जी, दादा काही जोडायचं नाही, कंपनीत सगळे सारखे. आणि प्रत्येकाला शेवटी विचारायचं, अजून काही?

पहिले काही दिवस मोडकी, वाकडी चक्रं मागल्या बाजूला उभ्यानं खाल्ली. मग एके दिवशी वासच नकोसा झाला. साखर केसांत बसली, नखांत बसली. घरी आले की मेंढरं माझ्या बाह्या चाटायची, मधमाश्या वस्तीपर्यंत पोचवायला यायच्या, आणि बहिरं कुत्रं तेवढं दुरून माझ्याकडं संशयानं बघायचं. मी चुलीपाशी बसून खर्डा-भाकरी अशी ओरपायची की माय म्हणायची, काचंच्या हाटेलात काय माती वाढत्यात का तुला? आणि जो नियम ऐकून मी पेटले होते तो आता माझ्या तोंडी होता. तुळजापूरहून परतणाऱ्या बाया यायच्या, एक कॉफी घ्यायच्या, आणि टेबलाखाली फडकी सोडायच्या. मी जवळ जायची, छताकडं बघून म्हणायची की बाहेरचं इथं खायचं नाही, आणि पाठ करून उभी राहायची. त्यांचं खाऊन होईस्तोवर मला छतात बघण्यासारखं लई काही सापडायचं.

पण मला खरं छळलं ते निराळ्याच गोष्टीनं. त्या दुकानात जो खायला यायचा तो कुठंतरी निघालेला असायचा. कुणी लग्नाला, कुणी नोकरीला, कुणी दवाखान्यात, कुणी नुसतंच गाडीची हौस म्हणून. हातात कप घ्यायचा, काचेतून रस्त्याकडं बघायचा आणि जायचा. मी टेबल पुसायची. परत नवा माणूस, परत टेबल. दिवसभर मी नावांच्या हाळ्या घालायची, आणि ज्यांना हाक मारली ती माणसं पुण्याला नाहीतर हैदराबादला निघून जायची. मला कुणी हाक मारत नव्हतं. फिरणाऱ्यांच्या घरातली पोर मी, जगातल्या सगळ्यात वाहत्या रस्त्याच्या काठावर खुंटा ठोकल्यासारखी उभी. पायात मुंग्या यायच्या. कॉफीच्या मशिनची वाफ सुटली की तिच्याबरोबर आपणही कुठंतरी सुटावं असं व्हायचं. (आजही मी हे लिहिते आहे ते उभ्यानं, स्वयंपाकाच्या ओट्यावर कागद ठेवून. मुलगी म्हणते, मम्मी, आता तरी बस. बसले की वाक्य पुढं सरकत नाही, तिला काय सांगू.)

अशात माने सरांनी सांगितलं, की कंपनी दरेक दुकानातून एकाला पुण्याला शिकायला बोलावते. पाळीचा कारभार कसा बघायचा ते शिकवते, राहायची सोय करते, आणि मग जिथं नवं दुकान निघेल तिथं पाठवते. नागपूर, नाशिक, कुठंही. सरांनी माझं नाव घातलं होतं. फक्त सोमवारपर्यंत घरच्यांचा होकार हवा. मी त्या दिवशी बांधावरून चालत नाही आले, उडत आले. आबा दारात लोकर कातरत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कात्री चालू ठेवली आणि म्हणाले, "बघू." आमच्या घरात बघू म्हणजे नाही. नुसती नाही नव्हे, विहिरीत टाकून वर झाकण लावलेली नाही.

आणि त्याच आठवड्यात मुरुम गावाकडून स्थळ आलं. मुलगा ट्रॅक्टरच्या दुकानात कामाला, घरची शेती, घर माणसांनी भरलेलं. रविवारी बघायला येणार. मी लगेच माझं हत्यार काढलं. गेले कित्येक महिने मी घरी सांगत आले होते की तिथं मला फिरती खुर्ची आहे, मी नुसतं बोट दाखवते आणि बाकीचे धावतात. त्याच सुरात मी म्हटलं की रविवारी मी नसले तर दुकान उघडतच नाही, मालकाचा हुकूम आहे, सुट्टीचं नावच नको. मला वाटलं, पाहुणे कंटाळतील, सोमवार उलटेल, तोवर काहीतरी होईल. आबांनी शांतपणे तंबाखू मळली. "मग तू कशाला येतीस," ते म्हणाले, "आमीच यतो तिकडं. बसायला खुर्च्या हायेत, गार हाय, पाव्हण्यांची सोय हुईल."

म्हणजे माझी थाप माझ्याच अंगावर जीप घेऊन आली. रविवारी, ऐन गर्दीत. पुढं आबा, त्यांच्यामागं मुलाची आई, मुलाचे वडील, मामा आणि सगळ्यात शेवटी मुलगा. आबा आत आले आणि त्यांची नजर भिंतीपासून भिंतीपर्यंत फिरली. खुर्चीत बसलेली मी त्यांना कुठं सापडेना. मी टेबलाखाली होते, कुणाच्या तरी पोरानं सांडलेलं चॉकलेट खरडत. वर आले तेव्हा हातात फडकं, डोक्याला जाळी, कपाळाला साखर. आबांनी मला बघितलं आणि पाहुण्यांना कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं. मग मायनं दिलेला डबा काढला. मुलगी बघायला आलेल्यांना पोहे नाहीत असं कसं होईल. झाकण उघडलं आणि शेंगदाण्या-कोथिंबिरीचा वास कॉफीच्या वासाच्या उरावर बसला. माने सर तिथं पोचले, नियम सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मामांनी त्यात पोह्यांचा चमचा घातला. सर घास गिळून परत आले ते मला म्हणाले, "तुझ्या आईनं लिंबू छान पिळलंय," आणि मशिनमागं जाऊन उभे राहिले.

मी काउंटरमागं उभी. मुलाच्या आईनं आबांना विचारलं, मुलगी येऊन बसत का नाही. आबा म्हणाले, हितली रीत अशी हाय की आपुनच जायाचं. मग त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून, पांढऱ्या रुमालात गुंडाळलेला नारळ हाताशी घेऊन. त्यांच्या मागं मुलगा. रांगेत त्यांचा नंबर लागला आणि माझ्या ध्यानात आलं की आज इथं बघायला ते आलेत, पण विचारायचं मला आहे. जगात दुसऱ्या कुठल्या मुलीला ही संधी मिळाली असेल का? मी जाळी सारखी केली, कंपनीचं हसू लावलं आणि मुलाला विचारलं, नाव काय?

मुलानं आईकडं बघितलं. आई म्हणाली सांग की रे, तेव्हा तो म्हणाला, परमेश्वर. आमच्याकडं हे नाव घरटी सापडतं, तेव्हा मी बिनघोर कपावर लिहिलं. विचारलं, गरम का गार? त्यानं परत आईकडं बघितलं. आई म्हणाली, गरम दे, त्याला सर्दीची खोड हाय. लहान का मोठी? मोठी दे, आई म्हणाली, वाढतं अंग हाय. मिशीला पीळ भरणारा वाढत्या अंगाचा तो परमेश्वर खालच्या फरशीकडं बघत होता. आई पोह्यांच्या टेबलाकडं वळली तेवढ्यात तो पुटपुटला, "मला गार पायजे हुती." मला त्याची अशी काही कीव आली की मी गार केली, वर मलई जास्त घातली. चुकलंच. पहिला घोट घेतल्यापासून तो माझ्याकडं असं बघायला लागला, जसं दुष्काळात टँकरकडं बघावं.

त्याच्या आईनं सांगितलं, बाकीचं ह्यांच्या नावानं लिही. मी म्हटलं, त्यांचं नाव सांगा. त्या लाजल्या. मागं रांग वाढली, हैदराबादचे लोक घड्याळ बघायला लागले, पण नवऱ्याचं नाव असं सुकं कसं घेणार. त्यांनी पदर नीट केला, नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि सबंध दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"काचंच्या कपाटात मांडलंय साखरेचं कडं,
सिद्रामरावांचं नाव घेते, सरका जरा पलीकडं."

रांगेनं टाळ्या वाजवल्या. मी कपावर सिद्राम लिहिलं, आणि तेव्हा मला सुटकेचं दार दिसलं. कॉफी झाली की मला हे नाव घ्यायचं होतं, नुसतं. होणाऱ्या सासऱ्याला, भरल्या दुकानात, माझ्या वयाच्या पोरीनं एकेरी हाक! आमच्याकडं सोयरीक मोडायला इतकं पुरे. कंपनीचा नियमच होता, मी बापडी काय करणार. कॉफी झाली. मी गालाला हात लावला आणि माळावरची हाळी घातली, "सिद्राऽऽम!"

काचा हलल्या म्हणतात, मी बघितलं नाही, मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा मुलाचे वडील समोर उभे होते. आल्यापासून या माणसानं एक शब्द काढला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते म्हणाले, "आये गेल्यापास्नं मला कुनी असं बलावलं न्हाय, बाय." कप त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, देवाचं तीर्थ घ्यावं तसा, आणि जाता जाता माझ्या टोपीवर हात ठेवला. मी मनात म्हटलं, कोमल, मेलीस.

कारण त्यानंतर काहीही केलं तरी ते माझ्या बाजूनंच पडायला लागलं. मामांच्या कोपरानं कॉफी लवंडली. मी मुद्दाम कपाळाला आठ्या घालून, फडकं आपटत, बादली आदळत फरशी पुसली, की बघा, किती रागीट आहे. मुलाची आई पाय वर घेऊन बघत होती. पुसणं झालं तोच मला काउंटरवर बोलावलं, तिथून मागं, मागून खोकं उचलून परत पुढं. चार पोरांनी एकदम रडून चॉकलेटचं चक्र मागितलं, एकाची गाडी निघाली होती, एका म्हाताऱ्याला कपाचं झाकण उघडेना. मी भोवऱ्यासारखी फिरत होते आणि त्या कोपऱ्यातून एक बाई माझा एकेक हात, एकेक पाऊल मापत होती. मी झाकण उघडून देऊन वळले तर त्यांनी मला खुणेनं बोलावलं. मी गेले. बसायचं नाही म्हणून टेबलापाशी उभी राहिले.

त्या आबांना म्हणाल्या, "दादा, पोरगी आमाला पसंत हाय. आल्यापास्नं बघतीया मी, एकडाव बी खाली टेकली न्हाय. ना कुरकुर, ना तोंड वाकडं. आमच्यात मान्सं ढीगभर, येनारा जानारा लई, अशीच पायजे हुती." आणि त्यांनी रुमालातला नारळ टेबलावर ठेवला. मामांनी तोंड गोड करायला कुणाच्या तरी ताटलीतलं चॉकलेटचं चक्र उचललं. परमेश्वर गार कॉफीच्या तळाशी नळी फिरवत होता. नारळाला आबांचा हात लागला की ठरलं. मग सोमवार असला काय आणि नसला काय.

आबांनी हात पुढं केला नाही. ते आपला कप बशीविना टेबलावर गोल फिरवत होते. माझ्या पायांकडं बघत होते. किती वेळ बघत होते कोण जाणे, माझं तेव्हा लक्ष गेलं. मागं मशिननं वाफ सोडली. आबा तसे मऊ बोलणारे, आवाज सगळा मेंढरांसाठी राखून ठेवलेला. त्याच मऊ आवाजात ते म्हणाले,

"ताई, ती उबी ऱ्हाती ते म्या बी आजच बघितलं. पर दोन वाजले की तिला सुट्टी हुती. तुमच्या घरात दोन कवा वाजत्यात?"

मामांच्या हातातलं चक्र हवेतच राहिलं. मला वाटलं, आता बाई उठणार, बोलणार, जीप निघून जाणार आणि मुरुमपर्यंत आमची अब्रू उधळत जाणार. पण त्यांनी एक गुडघा चोळला, मग दुसरा. सिद्रामरावांकडं बघितलं, ते कपावरच्या आपल्या नावाकडं बघत होते. मग त्यांना हसू आलं. चेष्टेचं नव्हे, पाय सोडून बसल्यावर येतं तसलं.

"आमच्यात वाजतच न्हाईत, दादा," त्या म्हणाल्या. "मी आल्यापास्नं तरी न्हाईत."

नारळ त्यांनी माघारी नेला नाही. नारळ न्यायचा नसतो म्हणाल्या, फोडून खावा पोरीनं, आणि माझ्या हातात दिला. जाताना दारापाशी थांबून त्यांनी काचेच्या कपाटातलं एक चक्र बोटानं दाखवलं, गुलाबी, आणि सिद्रामरावांना ते घ्यायला लावलं. जीपमधे बसून दोघांनी ते अर्धं अर्धं खाल्लं. मी काचेतून बघितलं. खाणारे होते ते, निघून गेले. आबा तेवढे कोपऱ्यातल्या टेबलावर राहिले, दुकानात दुसरी सगळी टेबलं बदलली तरी. माने सरांनी एकदा जाऊन विचारलं, अजून काही? आबा म्हणाले, पोरीची सुट्टी.

दोन वाजले. मी मागं जाऊन जाळी, टोपी, बिल्ला काढला, तोंड धुतलं, माझी ओढणी घेतली. मागच्या दारानं बाहेर पडले, इमारतीला वळसा घातला आणि पुढच्या काचेच्या दारातून आत आले, गिऱ्हाईक येतं तशी. आबांनी समोरची खुर्ची पायानं ओढून दिली. मी बसले. आम्ही दोघं रस्त्याकडं बघत राहिलो. पुण्याकडं जाणारी एक लाल गाडी थांब्यावर थांबली, माणसं चढली, गाडी हलली.

"पुन्याला बी उबंच ऱ्हायाचं?" आबांनी विचारलं.

"उभंच."

"मग चपला चांगल्या घे," आबा म्हणाले, आणि पटका सारखा करून उठले.